सफरीची वेगळी वही

दिवाळीचे चोपडापूजन आटोपले, लाभपंचमीला दुकाने पुन्हा उघडली, की आपल्या घरांत पुढच्या सुट्यांचे बेत रंगू लागतात. एका पिढीपूर्वी हे बेत सम्मेदशिखर, पालिताणा, आबू किंवा श्रवणबेळगोळ यांच्या पलीकडे फारसे जात नसत. यात्रा हीच सहल असे. आता त्या यादीत समुद्रसफर येऊन बसली आहे. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले आणि व्हिसाची यातायात न करता दोन-तीन रात्री समुद्रावर घालवता येतात, हे घरोघरी कळले. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींच्या जाहिराती तर रोजच दिसतात. या सदराच्या वाचकांकडूनही ‘क्रूझसाठी पैसे कसे साठवावेत?’ अशी विचारणा अधूनमधून होते, म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

समुद्र आणि आपला समाज यांचे नाते पूर्वी इतके सरळ नव्हते. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले, तेव्हा समुद्र ओलांडण्यावरून समाजातूनच विरोध झाला होता. त्यानंतर २६ वर्षांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या कंपनीच्या संस्थापकांमध्ये सोलापूरच्या जैन कुटुंबातले वालचंद हिराचंद होते, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा जहाजावर पाऊल ठेवण्यास आता कोणी हरकत घेईल असे नाही. ज्यांनी दिग्व्रताचे परिमाण घेतले आहे त्यांनी मात्र आपली मर्यादा आधी तपासावी. मला विचारायचे आहे ते एवढेच, की तिकिटाचे पैसे कोणत्या खिशातून जाणार?

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे जे ३५ गुण सांगितले आहेत, त्यांत न्यायाने मिळवलेले धन हा पहिला गुण आहे आणि मिळकतीला साजेसा खर्च करणे हाही एक गुण आहे. त्यावरच्या जुन्या विवेचनात मिळकतीचे चार भाग करण्याची रीत येते. एक भाग गंगाजळीसाठी, एक व्यापारात घालण्यासाठी, एक आश्रितांच्या पोषणासाठी आणि एक धर्म व उपभोग या दोहोंसाठी. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात आम्हाला अंदाजपत्रकाचे जे धडे होते, त्यांहून हा हिशेब मला अधिक शहाणपणाचा वाटत आला आहे. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. उपभोगाला जागा दिली आहे, ती नाकारलेली नाही. पण ती धर्माच्या शेजारी, एकाच पाटावर दिली आहे. आणि व्यापाराचा भाग व उपभोगाचा भाग यांच्यामध्ये भिंत उभी केली आहे.

ही भिंत आपल्या बहुतेक पेढ्यांवर आढळत नाही. दुकान आणि घर एकाच गल्ल्यावर चालते. सकाळी दुधाचे पैसे गल्ल्यातून, दुपारी हमालाची मजुरी गल्ल्यातून, संध्याकाळी मुलाच्या क्लासची फी गल्ल्यातून. छोट्या रकमांना हे खपून जाते. लाख-दोन लाखांची सहल त्याच गल्ल्यातून निघाली की काय होते, ते बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूने मी अनेकदा पाहिले.

तालुक्याच्या गावातले एक कापडाचे दुकान आठवते. पंधरा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, व्यवहार चोख, दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट दहा तारखेच्या आत. जानेवारीत शेठजींनी कुटुंबाच्या परदेशी सफरीसाठी सव्वातीन लाख रुपये सीसी खात्यातूनच भरले. ‘साहेब, मर्यादेत जागा आहे, मग अडचण काय?’ असे त्यांचे म्हणणे होते. मर्यादेत जागा होती हे खरे. पण ती जागा लग्नसराईच्या मालासाठी होती. मार्चमध्ये सुरतेच्या व्यापाऱ्याची बिले एकदम आली, त्याच सुमारास जुनी उधारी नव्वद दिवसांवर गेली, त्यामुळे ती ड्रॉइंग पॉवरच्या हिशेबातून वगळली गेली आणि दोन धनादेश परत गेले. रक्कम आठवड्यात भरली गेली. मात्र सुरतेच्या पेढीने तीस दिवसांची उधारी बंद केली आणि पुढची दोन वर्षे माल रोखीने उचलण्याची वेळ आली. बाजारात पत म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही.

गल्ल्यात दिसणारा पैसा आपला असतोच असे नाही. मांडणीवरच्या मालापैकी जेवढा माल उधारीवर आला आहे, तेवढ्याच्या विक्रीचा पैसा मुळात दुसऱ्याचा असतो. तो आपल्याकडे काही दिवस विसाव्याला थांबलेला असतो. आणि सीसी खात्यातली उचल तर सरळ कर्जच आहे. म्हणून सफरीची बचत करायची तर पहिले काम वेगळे खाते उघडण्याचे. दुकानाचा व्यवहार ज्या बँकेत आहे त्या बँकेत ते नसले तर अधिक बरे, कारण अडीअडचणीला हात तिकडे चटकन जात नाही. दरमहा १०,००० रुपयांची आवर्ती ठेव दोन वर्षांसाठी केली आणि साडेसहा टक्के दर धरला, तर २,४०,००० भरून सुमारे २,५६,८०० हाती येतात. ही रक्कम सहा जणांच्या घराला देशांतर्गत सफरीसाठी पुरावी, असे उदाहरणापुरते समजू. उलट तेच २,४०,००० वैयक्तिक कर्ज म्हणून चौदा टक्क्यांनी काढून चोवीस हप्त्यांत फेडले, तर व्याजापोटी सुमारे ३६,५०० जातात. ‘आधी फिरा, मग भरा’ म्हणणारी जाहिरात हा फरक सांगत नाही. आधी साठवणारा आणि मागून फेडणारा यांच्यात ५३,००० रुपयांचे अंतर पडते, आणि तेवढ्यात आणखी एकाचे तिकीट निघू शकते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढत असेल तर वर्षाला बेचाळीस टक्के होतात. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

खाते पत्नीच्या नावावर उघडण्याची पद्धत चांगली आहे, कारण घरातली शिस्त बहुधा तिच्याच हाती असते. मात्र पतीने दिलेल्या पैशांवरचे व्याज आयकरात पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे ठाऊक असावे.

आता हे दहा हजार आणायचे कुठून? नोकरदाराला खर्चात कपात करण्यावाचून फारसा मार्ग नसतो. व्यापाऱ्याकडे मात्र असे काही कोपरे असतात, जिथे पैसा रोज सांडतो आणि कोणी वेचत नाही.

त्यांतला सर्वांत मोठा कोपरा वटावाचा, ज्याला हल्ली सारे ‘सीडी’ म्हणतात. पुष्कळ पुरवठादार सात दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सोडतात, नाहीतर तीस दिवसांची मुदत असते. आपले लोक मुदतीचा मान राखतात आणि तिसाव्या दिवशी पैसे देतात. त्यात आपण पैसा फिरवला असा आनंद असतो. पण आकडे वेगळे बोलतात. तेवीस दिवस आधी ९८ रुपये देऊन २ रुपये वाचवणे म्हणजे वर्षाच्या हिशेबाने बत्तीस टक्क्यांच्या आसपास परतावा. समजा महिन्याला दीड लाखाच्या खरेदीवर असा वटाव मिळू शकतो. तीन हजार रुपये सुटतात. त्यासाठी सीसी खात्यातून १,४७,००० रुपये तेवीस दिवस आधी उचलले आणि व्याज दहा टक्के धरले, तर खर्च सव्वानऊशेच्या आसपास येतो. निव्वळ दोन हजार उरले. हे दोन हजार प्रत्येक महिन्याला सफरीच्या खात्यात वळते केले, तर दोन वर्षांत पन्नास हजारांच्या घरात रक्कम जाते, आणि घरातल्या कोणाच्याही ताटातला एक घास कमी झालेला नसतो. ही उचल मालासाठीच आहे, त्यामुळे सीसीच्या हेतूलाही बाधा नाही. सांभाळायचे एवढेच, की मर्यादेत पुरेशी जागा असेल तेव्हाच हे करावे, ऐन हंगामात ओढाताण करून नव्हे. वटाव हा पेढीचा नफा आहे, तो पुस्तकात यावा आणि घरी येताना उचल म्हणून यावा. जीएसटीच्या दृष्टीने त्याची नोंद कशी करायची ते आपल्या सीएंना विचारावे.

जाता जाता याच ओघातले आणखी एक. कुटुंबाची सहल पेढीच्या ‘प्रवासखर्च’ खात्यात घालण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती करचुकवेगिरी आहे. न्यायाने मिळवलेल्या धनाची महती गाणाऱ्या समाजात तिला दुसरे नाव देऊ नये.

दुसरा कोपरा मागच्या खोलीतला. पुठ्ठ्याची खोकी, बारदान, तेलाचे रिकामे डबे, प्लॅस्टिकचे ड्रम. किराणा, भुसार आणि कापड या तिन्ही धंद्यांत हे महिन्याला ढिगाने साठते आणि ‘घेऊन जा’ म्हणून अंदाजपंचे दिले जाते. वजन करून, दोन भंगारवाल्यांचे भाव विचारून विकले तर मधल्या आकाराच्या दुकानातही डोळ्यांत भरेल अशी रक्कम निघते. पण इथे थांबून पाहावे. अनेक पेढ्यांवर पुठ्ठ्याचे पैसे दुकानातल्या मुलांचे असतात, तो वर्षानुवर्षांचा रिवाज असतो. दिवाळीच्या बोनसाइतकाच त्यांचा त्यावर भरवसा असतो. आपली समुद्रसफर त्यांच्या चहा-नाश्त्याच्या पैशांवर निघू नये. जिथे असा रिवाज नाही, तिथेच ही कमाई आपली मानावी.

पडून राहिलेल्या मालाबद्दल मात्र माझे मत बहुतेकांहून निराळे आहे. तीन वर्षे फळीवर धूळ खात असलेला माल सवलतीत काढून त्या पैशांतून सहल करावी, असे सुचवणारे बरेच भेटतात. माल काढावा, अवश्य काढावा. पण ऐंशी रुपयांची साडी साठला गेली तर साठ रुपये नफा झाला नाही, वीस रुपये तोटा झाला आणि अडकलेले भांडवल सुटले. ते साठ रुपये व्यापाराच्या चतुर्थांशातले आहेत. त्यांनी नवा माल घ्यावा किंवा सीसीची बाकी उतरवावी.

घरातल्या बचतीकडे वळताना चातुर्मासाचा विचार केल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांत या चार महिन्यांत हॉटेलात जाणे जवळजवळ थांबते, बाहेरगावचे फिरणे कमी होते, लग्नकार्ये नसल्याने कपडे आणि आहेर यांवरचा खर्च उतरतो. पर्युषणात तर स्वयंपाकघरच निम्मे विसावते. एवढा खर्च वाचूनही कार्तिकी पौर्णिमेनंतर हाती काही उरलेले दिसत नाही, कारण वाचलेला पैसा वेगळा काढला जात नाही. तो गल्ल्यातच विरून जातो. वैशाख आणि ज्येष्ठ या दोन महिन्यांत बाहेर खाणे व फिरणे यांवर किती गेले ते लिहून ठेवावे आणि चातुर्मासात दरमहा तितकी रक्कम बाजूला टाकावी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. त्यागातून वाचलेला पैसा भोगासाठी वापरावा का? काही ज्येष्ठ श्रावकांचे म्हणणे असे, की उपवासाने वाचलेल्या अन्नाचा पैसा जीवदयेला किंवा साधर्मिक भक्तीलाच गेला पाहिजे. मला हे म्हणणे पटते, पण सगळ्या बचतीला ते लावू नये असेही वाटते. उपवास, एकासणे, आयंबिल यांमुळे स्वयंपाकाचा जो खर्च वाचतो तो धर्माचा. चातुर्मासात हॉटेल बंद असल्याने जो वाचतो तो घराचा. पहिली रक्कम तशी लहान असते. ती चोख हिशेबाने पेटीत टाकावी आणि दुसरी मोकळ्या मनाने सफरीच्या खात्यात भरावी. धर्म आणि उपभोग एकाच चतुर्थांशात ठेवणाऱ्या आपल्या पूर्वसूरींनी हीच वाटणी अभिप्रेत धरली असावी, असा माझा समज आहे. ज्यांचा समज वेगळा आहे त्यांनी महाराजसाहेबांना विचारून घ्यावे.

भिशीविषयी थोडक्यात. बारा ओळखीच्या घरांतल्या बायकांची, ठरावीक रकमेची आणि चिठ्ठी काढून चालणारी भिशी शिस्तीसाठी बरी. आपला क्रमांक शेवटी आला तर ती आवर्ती ठेवीसारखीच, फक्त बिनव्याजी. बोली लावून चालणाऱ्या भिशीपासून आणि अनोळखी माणसाने चालवलेल्या योजनेपासून लांब राहावे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, भिशीला संरक्षण फक्त माणसाच्या शब्दाचे.

साठवण्याइतकीच कल्पकता खर्च करतानाही लागते. जाहिरातीतला दर सहसा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून दिलेला असतो. बंदराचे शुल्क, सेवाशुल्क, कर हे वर येतात. किनाऱ्यावर उतरून फिरण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात. म्हणून पहिला प्रश्न ‘सगळे धरून एकूण किती?’ हाच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला अनेकदा कमी दर लागतो, त्यामुळे मुलांना आपल्याच केबिनमध्ये घेणे स्वस्त पडते. बिनखिडकीची आतली केबिन सर्वांत स्वस्त. दिवसभर माणूस डेकवर असतो, केबिन झोपण्यापुरती, तेव्हा तरुणांनी बाल्कनीचा मोह टाळावा. पण घरातल्या वृद्ध सासूबाईंना बंद खोलीत गुदमरत असेल, तर तिथे काटकसर करू नये. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारांची फेरी बहुधा स्वस्त असते, आणि दुकानदाराला तसाही रविवार म्हणजे सुटीच असते असे नाही.

आपल्या कुटुंबांना एक फायदा आपोआप मिळतो. जहाजाच्या कंपन्यांची वरकड कमाई मद्य आणि कॅसिनो यांवर बरीच अवलंबून असते. जे घर या दोहोंना शिवत नाही, त्याचा जहाजावरचा खर्च तिकिटाच्या आसपास थांबतो. मात्र जेवणाच्या बाबतीत आधी बोलून घेतले नाही, तर हा फायदा खाकऱ्यांच्या पाकिटांत आणि चिडचिडीत संपतो. कांदा-लसूण-बटाटा नसलेले जैन जेवण मिळेल का, हा प्रश्न हल्ली नवा नाही. पण चौविहार पाळणाऱ्यांनी त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारावा: संध्याकाळचे जेवण किती वाजता सुरू होते? डिसेंबरात मुंबईच्या पट्ट्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि भोजनगृह सातला उघडत असेल तर सारी व्यवस्था व्यर्थ. लवकर ताट मिळेल का, उकळलेले पाणी मिळेल का, घरचे कोरडे पदार्थ न्यायला परवानगी आहे का, हे आरक्षणापूर्वी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

परदेशी सफरीच्या पॅकेजवर टीसीएस लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, म्हणून त्या वेळचा दर पाहावा. ही रक्कम बुडीत जात नाही, विवरणपत्र भरताना करातून वळती होते. पण तोवर ती आपल्या खिशातून गेलेली असते, तेव्हा बचतीच्या आकड्यात ती आधीच धरावी.

राहता राहिला एकत्र कुटुंबाचा प्रश्न, आणि माझ्या मते तो पैशांहून अवघड आहे. दोन भाऊ एका पेढीवर असतील, तर दोघे एकदम जाऊ शकत नाहीत; कोणाला तरी दुकान उघडावेच लागते. मग थोरल्याचे कुटुंब आधी जाते, परत आल्यावर फोटो दाखवले जातात आणि धाकट्याची पाळी ‘पुढच्या वर्षी’ येते. ते पुढचे वर्ष हंगाम, आजारपण, मुलाची बारावी यांत हरवते. धाकटी सून काही बोलत नाही. वाटणीच्या वेळी निघणारे कडू शब्द पुष्कळदा अशाच न झालेल्या सहलींतून साठलेले असतात, हे मी वाटणीची कागदपत्रे बँकेत येताना पाहिले आहे. म्हणून वेगळे खाते उघडतानाच दोन आवर्ती ठेवी सुरू कराव्यात, दोन्ही सारख्या हप्त्याच्या. एक चोवीस महिन्यांची, दुसरी छत्तीस महिन्यांची. वटाव आणि चातुर्मासाची बचत दोन्हींत निम्मी-निम्मी जावी. आधी कोण जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवावे, वडीलधाऱ्यांसमोर. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची ठेव आणखी बारा महिने चालते, म्हणून त्यांच्या वाट्याला थोडी अधिक रक्कम येईल. त्यांना खिडकीची केबिन घेऊ द्यावी.